नाशकांतील मुक्काम

परगांवीं गेल्यावर उतरावयाचें कोठें, हा प्रश्न प्रवासाइतकाच जुना आहे. नाशिकसारख्या क्षेत्रीं तर तो रोजचाच. रामकुंडावर स्नानास आलेला, अस्थिविसर्जनास आलेला, त्र्यंबकेश्वरास निघालेला, कारखान्याच्या कामासाठीं आलेला आणि द्राक्षांचे मळे पाहावयास आलेला, अशा नाना प्रकारच्या लोकांस या गजबजलेल्या शहरांत रात्र काढावयाची असते. त्यांच्यासाठीं मोठीं हॉटेलें आहेत, धर्मशाळा आहेत, आणि अलीकडे आणखी एक प्रकार पुढें आला आहे. त्यास बुटीक हॉटेल म्हणतात. बुटीक हा मूळचा फ्रेंच शब्द; त्याचा अर्थ लहानसें दुकान. न्यूयॉर्क शहरीं १९८४ सालीं मॉर्गन्स नांवाचें हॉटेल निघालें. त्या सुमारापासून हें नांव रूढ होत गेलें. खोल्या थोड्या, एकीसारखी दुसरी नाहीं, इमारतीस स्वतःचा कांहीं घाट, आणि पाहुण्यास नांवानें ओळखणारा चालक, हीं त्याचीं लक्षणें होत.

यांतील शेवटचें लक्षण नाशकास मुळींच नवें नाहीं. हॉटेलें निघण्यापूर्वीं यात्रेकरू उतरत असे तो तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांत. ओसरीवर बिछाना, चौकांत पाणी आणि माजघरांतून आलेलें ताट, अशी तेथील व्यवस्था. पाहुणा दारांत येतांच उपाध्याय विचारीत, "आपलें आडनांव काय? मूळ गांव कोणतें?" मग वही निघे. त्या वहींत त्याच्या वडिलांची, आजोबांची, क्वचित् पणजोबांचीही नोंद सांपडे, आणि तिच्याखालीं त्यांच्या हातची सही असे. ज्या गांवीं आपण प्रथमच आलों तेथें आपला पणजोबा आधींच येऊन गेला आहे, हें पाहून पाहुण्याचें परकेपण तेथल्या तेथें सरे. अशा पाहुण्यास उपाध्याय ‘यजमान’ म्हणत, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. धार्मिक कृत्याचा कर्ता तो, म्हणून तो यजमान. पण त्या संबोधनामुळें घर चालविणारा आणि घरीं आलेला यांतील अंतर आपोआप कमी होई.

परंतु चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आडनांव आणि मूळ गांव विचारणारा जो प्रश्न एकास दार उघडून देई, तोच दुसऱ्यास दार बंद करी. याच नाशकांत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला, आणि तो कित्येक वर्षें चालला. देवाचें दार ज्यांना बंद, त्यांना वाड्याचें दार कोठून उघडें असणार? उतरण्याच्या जागेचा हा अनुभव डॉ. आंबेडकर यांनी स्वतः बडोद्यास घेतला होता. परदेशांतून उच्च शिक्षण घेऊन ते १९१७ सालीं तेथें नोकरीस गेले, तेव्हां शहरांत त्यांना जागा मिळेना. शेवटीं एका पारशी विश्रामगृहांत दुसरें नांव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेले लोक दारांत उभे राहिले, आणि त्यांना तें ठिकाण सोडावें लागलें. विद्या, पदवी, पगार यांतील कांहींही त्या वेळीं उपयोगी पडलें नाहीं.

म्हणून भारताच्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदांत समतेची तत्त्वें सांगतांना दुकानें आणि सार्वजनिक उपाहारगृहें यांच्या जोडीनें हॉटेलांचाही स्पष्ट उल्लेख आला आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास तेथें मज्जाव करतां येत नाहीं. पुढें १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानें धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाने यांतील भांडींकुंडीं वापरण्याचा हक्कही अस्पृश्यतेच्या नांवाखालीं नाकारतां येऊं नये, अशी तजवीज केली. क्षुल्लक वाटणाऱ्या तांब्याभांड्याचा कायद्यांत उल्लेख करावा लागला, यांतच मागील काळाचा सारा इतिहास आला.

आज लहान हॉटेलांतही नोंदवही असतेच. तींत नांव, पत्ता आणि ओळखीच्या कागदाचा क्रमांक लिहिला जातो. सुरक्षिततेसाठीं तें योग्यच होय. जातीची चौकशी मात्र त्या वहींत येतां कामा नये. आणि आडनांव ऐकून ज्याचा चेहरा बदलतो अशा चालकाचें घर कितीही सजविलेलें असलें, तरी तें अतिथिगृह नव्हे.

आतां निवडीच्या कांहीं व्यावहारिक गोष्टी. नाशिक रोडचें स्टेशन जुन्या गांवापासून बरेंच दूर आहे. पहांटेची गाडी धरावयाची असेल त्यानें तिकडेच उतरावें. रामकुंड आणि काळाराम पायीं पाहावयाचे असतील त्यास पंचवटी सोईची. पण तेथें घंटानाद आणि गर्दी पहांटेपासूनच असते. शांतता हवी असेल त्यास गंगापूर रस्त्याची बाजू बरी. पावसाळ्यांत नदीकांठची खालची खोली घेण्यापूर्वीं दुतोंड्या मारुतीची आठवण ठेवावी. पाणी त्या मूर्तीच्या कोठवर चढलें यावरून नाशिककर पुराची मोजदाद करतात, आणि २०१६ व २०१९ सालच्या पुरांनी ती मोजदाद व्यर्थ नसल्याचें दाखवून दिलें. सिंहस्थांत तर वाहनांचे रस्ते बंद होतात. म्हणून चालावें किती लागेल, हें आधींच विचारून घ्यावें. जुन्या वाड्यांत उतरणारानें जिना किती उभा आहे आणि आगीच्या वेळीं बाहेर पडावयाची दुसरी वाट कोणती, हें पाहिल्यावांचून वृद्धांस वरच्या मजल्यावर नेऊं नये. घर लहान, म्हणजे माणसेंही थोडीं; तेव्हां मध्यरात्रीं पोहोंचणार असल्यास तसें आधीं कळविणें हा पाहुण्याचा धर्म होय.

मोठ्या हॉटेलांत पाहुण्यास खोलीच्या क्रमांकानें ओळखतात. जुन्या वाड्यांत कुळावरून ओळखीत. पहिल्या ओळखींत जिव्हाळा कमी, दुसरींत न्याय कमी. लहान हॉटेलानें या दोहोंच्या मधला मार्ग काढावा. सकाळीं चहा देतांना नांवानें हांक मारावी, रात्रीं नीट झोंप लागली कीं नाहीं हें विचारावें, आणि ही आस्था दारांत येणाऱ्या प्रत्येकास सारखीच मिळावी. असें जें घर, त्याच्या भिंतीवर चित्रें नसलीं तरी चालतील.