आपला ऊस आणि सहकारी कारखाना

आमचे गाव नीरा डाव्या कालव्यावर आहे. कालव्यामुळे बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस पिकतो. पण पुष्कळ लोकांची जमीन थोडी आहे. आमचाही ऊस दीड एकरच आहे. मग एवढ्या उसाची साखर कशी होते? ते मी सांगतो.

ऊस तोडला की त्याचे वजन घटते आणि साखरही कमी होते. ज्वारीसारखा तो कणगीत भरून ठेवता येत नाही. लगेच गाळावा लागतो. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना काढता येत नाही. म्हणून शेतकरी शेअर घेऊन सभासद होतात. जमीन कमी असो की जास्त, मत एकच. यालाच सहकार म्हणतात.

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली प्रवरानगरला सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी त्यासाठी खूप खटपट केली. आपल्याकडे माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथे असे कारखाने आहेत.

ऊस आधी काट्यावर मोजतात. मग गव्हाणीत टाकतात. रस काढून, चुना घालून साफ करतात व आटवतात. १०० किलो उसाची साधारण १० ते ११ किलो साखर होते. त्याला उतारा म्हणतात. चिपाड बॉयलरमध्ये जाळतात. मळीपासून अल्कोहोल करतात. ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे.

आफ्रिकेतल्या केनिया देशात लहान शेतकरी असेच सोसायटी करून कॉफी विकतात. कॉफीची लाल फळेसुद्धा तोडल्यावर ठेवता येत नाहीत. ती सोसायटीच्या जागी नेऊन सोलतात. त्या जागेला तेही फॅक्टरीच म्हणतात.

गेल्या साली आमच्या उसाला तोड उशिरा आली. उसाला तुरे आले. आई रोज रस्त्याकडे बघायची. आबा म्हणाले, "कारखाना आपलाच हाय, पर नंबर समद्यांचा असतो रं."

शेवटी बीडकडची टोळी आली. ती माणसे पहाटे थंडीत कोयता घेऊन फडात जातात व कोपीत राहतात. त्यांची मुले आपल्या शाळेत बसतात आणि पट्टा पडला की गावी जातात. त्यांचे आईवडील कारखान्याचे सभासद नसतात. पण त्यांनी कोयता चालवला नाही तर आपली मोळी गव्हाणीत पडणार नाही. म्हणून त्यांच्या मुलांना आपण आपल्याच बाकावर बसवून घ्यावे.

इयत्ता ४ थी