कोजागरीचं चांदणं चालेल, आकाशकंदील नको

खिडकीतली बाग : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण कुंडीतल्या पाण्याचा निचरा पाहिला. आता पाऊस सरला, ऑक्टोबरची काहिली ओसरू लागली आणि नर्सरीत शेवंतीच्या शेजारी कलांचो, ख्रिसमस कॅक्टस, पॉइन्सेटिया, आफ्रिकन व्हायोलेट यांच्या कुंड्या मांडल्या जाऊ लागल्या. ही झाडं घरी आणली की पहिल्या हिवाळ्यात हमखास फुललेली असतात, कारण नर्सरीवाल्याने ती कळ्यांवर आणूनच विकलेली असतात. खरी परीक्षा दुसऱ्या हिवाळ्यात. झाड हिरवंगार, खत वेळच्या वेळी, तरी कळीचा पत्ता नाही. मग केळीच्या सालीचं पाणी घालून होतं, आंबट ताक घालून होतं, कुंडी बदलून होते. एवढं करूनही झाड ढिम्म असेल, तर बहुतेक वेळा त्याला अंधार कमी पडलेला असतो.

तंबाखूची अंधारी खोपटी

ही गोष्ट माणसाला कळली ती तंबाखूमुळे. वॉशिंग्टनजवळ अमेरिकी कृषी खात्याच्या शेतावर गार्नर आणि अॅलर्ड हे दोन शास्त्रज्ञ ‘मेरीलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूने बेजार झाले होते. उन्हाळाभर हे वाण नुसतं वाढत राहायचं. दहा फुटांच्या वर गेलं तरी फुलायचं नाव नाही, आणि फूल नाही म्हणून बी नाही. तेच वाण हिवाळ्यात काचघरात लावलं की ठेंगणं असतानाच फुलायचं. बाकीचे उपाय थकल्यावर १९१८ च्या जुलैत त्यांनी एक छोटी अंधारी खोपटी उभारली. काही कुंड्या रोज दुपारी चारला आत ठेवायच्या आणि सकाळी नऊला बाहेर काढायच्या, असा क्रम धरला. ऐन उन्हाळ्यात त्या कुंड्यांतली झाडं फुलली. बाहेरची तशीच ताडमाड वाढत राहिली.

१९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं तेव्हा समज असा होता की झाड दिवसाची लांबी मोजतं. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका तणावर प्रयोग करून दाखवलं की मोजमाप रात्रीचं चालतं. लांबलचक रात्रीच्या मधोमध मिनिटभर दिवा लावला, तरी त्या तणाचं फुलणं रद्द झालं. याच्यामागे फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. त्याला सगळ्यात जास्त कळतो तो लाल प्रकाश, आणि आपल्या नेहमीच्या पिवळ्या-पांढऱ्या बल्बच्या उजेडातही लाल रंग भरपूर असतो.

शेतकऱ्यांना हे ज्ञान चांगलं अंगवळणी पडलं आहे. हरितगृहात शेवंती करणारे रात्री दिवे लावून तिच्या कळ्या हव्या तेवढ्या लांबवतात. व्हिएतनाममधले ड्रॅगनफ्रूटवाले हिवाळ्यात बागेत रात्री दिवे लावतात ते उलट कारणासाठी. त्यांच्या झाडाला फुलायला मोठा दिवस लागतो, म्हणून ते लांब रात्र मधेच मोडतात. गंमत अशी की ड्रॅगनफ्रूट आणि ख्रिसमस कॅक्टस ही दोन्ही निवडुंगाच्याच कुळातली.

आपल्या हॉलमधली रात्र

पुण्याच्या अक्षांशावर २२ सप्टेंबरच्या सुमारास रात्र बारा तासांची होते आणि डिसेंबरअखेर जेमतेम तेरा तासांची. त्यात तिन्हीसांजेचा आणि पहाटेचा संधिप्रकाश वजा करा. टोरांटोत हीच रात्र डिसेंबरात पंधरा तासांवर जाते. आपल्याकडे अंधाराचा हिशेब मुळातच काठावरचा आहे, आणि त्यात हॉलमधली ट्यूबलाइट साडेअकरापर्यंत चालू असते. टीव्हीशेजारच्या कलांचोच्या लेखी मग वर्षभर उन्हाळाच असतो.

आणि नेमक्या याच दिवसांत येते दिवाळी. कळ्या धरण्याचे मोलाचे सहा आठवडे साधारण कोजागरीपासून सुरू होतात. गॅलरीत आकाशकंदील लागतो, कठड्याला दिव्यांची माळ, ती पुढे तुळशीच्या लग्नापर्यंत उतरत नाही. कंदिलाखालच्या कुंडीला तेवढ्या उजेडानेही रात्र छोटी वाटते. पौर्णिमेचं चांदणं मात्र खुशाल पडू द्या. ते आपल्याला कितीही लख्ख वाटलं तरी घरातल्या साध्या बल्बच्या तुलनेत शेकडो पटींनी मंद असतं, आणि ही झाडं त्याला बधत नाहीत. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत मात्र बाधतो. देवघरात लाल झिरोचा बल्ब रात्रभर जळत असेल, तर त्याच्या अगदी शेजारची कुंडी हलवलेली बरी.

उपाय स्वस्त आहे. रात्री कुणी दिवा लावत नाही अशी खोली घरात असेल, तर खिडकीशी कुंडी ठेवली की काम झालं. नसेल तर जाड पुठ्ठ्याचं खोकं घ्यायचं. संध्याकाळी सहाला कुंडीवर पालथं घालायचं, सकाळी आठला काढायचं. हे चौदा तास झाले. दिवसा मात्र झाडाला भरपूर उजेड हवा, नाहीतर अंधाराचा उपयोग नाही. कलांचो आणि ख्रिसमस कॅक्टसला असे सहा आठवडे पुरतात, आणि कळ्या स्पष्ट दिसल्या की खोकं बंद. पॉइन्सेटियाचं मात्र वरची पानं लाल होईपर्यंत चालू ठेवायचं. मधे एखाद-दोन दिवस विसर पडला तर आभाळ कोसळत नाही, पण रोज रात्री अकरा वाजता ‘कळी आली का’ म्हणून मोबाइलचा टॉर्च मारून पाहू नये.

वाळवंटातला नव्हे, धुक्यातला निवडुंग

ख्रिसमस कॅक्टसबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निवडुंग म्हणून त्याला उन्हात तापवून, तहानलेलं ठेवून मारणारे पुष्कळ. ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगत, रिओ द जानेरोच्या मागे उभ्या असलेल्या डोंगरांत हे झाड राहतं. धुकट जंगलात, शेवाळल्या फांद्यांवर आणि खडकांच्या खाचांत, सावलीत. म्हणून त्याला गाळलेलं ऊन, भुसभुशीत आणि पटकन निचरा होणारी माती, आणि वरचा इंचभर थर सुकल्यावर पाणी, एवढं पुरतं. ब्राझीलमध्ये ते मे महिन्याच्या सुमारास फुलतं आणि तिथे त्याला मे-फूल म्हणूनच ओळखतात. दक्षिण गोलार्धात मे म्हणजे शरद. रात्री लांबू लागल्या की कळी, हा नेम तिथेही तोच.

याला पानं नसतात. जी पानं वाटतात ती चपटी, हिरवी खोडं, पेराला पेर जोडत गेलेली. पेराच्या कडेला टोकदार दात असतील, तर ते ‘ट्रंकाटा’. आपल्या नर्सरीत मुख्यतः हेच मिळतं आणि ते लवकर फुलतं. कडा गोलसर असतील, तर ते इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तयार झालेलं जुनं संकरित झाड. ते महिनाभर उशिरा येतं.

कळी ओळखायची तर शेवटच्या पेराचं टोक न्याहाळा. तिथे मोहरीएवढा लालसर ठिपका येतो. आठवडाभराने तो चपटा होऊन पसरू लागला तर नवं पेर आहे, गोलाकार राहून पुढे टोकदार झाला तर कळी. दिसल्यापासून उमलायला साधारण दोन महिने लागतात. या काळात कुंडीची जागा बदलणं, तिला पंख्याच्या थेट वाऱ्यात ठेवणं, माती पार कोरडी पाडणं यांतलं काहीही झालं, की कळ्या टपटप गळतात.

थंडीचाही यात हात आहे. रात्रीचं तापमान १० ते १३ अंशांवर राहिलं तर हे झाड अंधाराचा फारसा हिशेब न ठेवता कळ्या धरतं. १५ ते २० अंशांत त्याला लांब रात्र लागतेच. २४ च्या वर कळ्या कठीण. पुण्या-नाशकातली थंडी त्याला म्हणूनच मानवते. मुंबईत आणि कोकणात त्यापेक्षा कलांचोवर भर द्यावा. मूळ मादागास्करचं हे झाड उकाडा बरंच सोसतं. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर मात्र ते त्यांच्या तोंडी लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. कलांचोतली द्रव्यं त्यांच्या हृदयाला घातक असतात.

दिव्याखाली फुलणारं एक

ज्या घरात अंधार मिळणं अशक्य, तिथे आफ्रिकन व्हायोलेट. १८९२ साली आजच्या टांझानियातल्या उसांबारा डोंगरांत जर्मन अधिकारी वॉल्टर फॉन सेंट पॉल यांना ते सापडलं. हे झाड रात्र मोजत नाही. त्याला रोज दहा-बारा तास सौम्य उजेड हवा, मग तो ट्यूबलाइटचा का असेना, आणि सात-आठ तास विश्रांती. अभ्यासाच्या टेबलावर, दिव्यापासून फूटभर खाली ते वर्षातले बरेच महिने फुलत राहतं. हिवाळ्यात एकच पथ्य. डिसेंबरात गच्चीवरच्या टाकीचं सकाळचं पाणी गारठलेलं असतं. ते त्याच्या लवदार पानांवर पडलं की पांढरट डाग उठतात आणि ते जात नाहीत. रात्रीच तांब्याभर पाणी खोलीत भरून ठेवावं आणि सकाळी बशीत ओतून खालून पाजावं. अर्ध्या तासाने बशीत उरलेलं टाकून द्यावं.

द्यावं तितकं टिकतं

या सगळ्या झाडांत एक समान गुण आहे. बी लागत नाही, एक तुकडा पुरतो. पानाच्या कडेवर पिल्लं धरणारी पानफुटी आपण लहानपणी पुस्तकात घालून पाहिलेली असते. ती कलांचोचीच बहीण. नर्सरीतला फुलांचा कलांचो पानावर पिल्लं देत नाही, पण त्याचा बोटभर शेंडा सहज मुळं धरतो.

ख्रिसमस कॅक्टसची कात्रीशी गाठ घालू नका. बहर संपल्यावर, फेब्रुवारीत, फांदीच्या टोकाची दोन-तीन पेरं चिमटीत धरून सांध्यावर अलगद पिळायची. ती स्वच्छ सुटतात. जखम सुकायला दोन दिवस सावलीत ठेवायची. मग कोकोपीट आणि वाळूच्या ओलसर मिश्रणात खालचं पेर निम्मं खोचायचं. एका चार इंची कुंडीत अशा चार कांड्या लावल्या तर झाड पहिल्यापासून भरलेलं दिसतं. मुळं यायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी बेतानेच, नाहीतर कांडी कुजते.

व्हायोलेटचं पान घेताना अगदी बाहेरचं म्हातारं नको, मधलं कोवळंही नको. मधल्या ओळीतलं धडधाकट पान देठासकट काढा, इंचभर देठ ठेवून तिरका काप द्या आणि देठ मातीत खोचून कुंडीवर पारदर्शक डबा पालथा घाला. दोन-तीन महिन्यांनी देठाच्या बुडाशी इवल्या पानांचा झुबका वर येतो. पिल्लांची पानं दहाच्या नाण्याएवढी झाली की त्यांना वेगळं करायचं. पाकळ्यांवर चक्रासारखे दुरंगी पट्टे असलेल्या जाती मात्र पानापासून तशाच येत नाहीत. त्यांचे बुडाशी फुटणारे फुटवेच लावावे लागतात.

अशा तुकड्यातून आलेलं झाड हे आईचं मूल नसून तीच आई असते, रंगारूपाने तंतोतंत. म्हणून जुनं, आवडतं झाड जपायचं असेल तर ते वाटलेलं बरं. आपल्या कुंडीत बुरशीने मुळं कुजली, गावाला गेल्यावर पाणी चुकलं, तरी तेच झाड बहिणीच्या गॅलरीत जिवंत असतं आणि दोन पेरांच्या रूपाने परत आणता येतं. युरोप-अमेरिकेत आजीचा ख्रिसमस कॅक्टस नातीकडे फुलतो तो असाच. तिथल्या मराठी मंडळींनीही आपापसांत जरूर वाटावा. सुट्टीत भारतात येताना मात्र बॅगेतून कांडी आणायची नाही. रोप-संगरोधाच्या नियमांनुसार आयात परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र यांशिवाय रोप किंवा कांडी देशात आणता येत नाही, आणि हे नियम परक्या किडी-रोगांपासून आपल्या शेतांना वाचवतात.

किडीचा धोका दोन घरांमध्येही असतो. कांडी देण्याआधी सांधे उलगडून पाहा. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. अशी कांडी देऊ नये. आलेली कुंडीही दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवावी. त्यात देणाऱ्याचा अपमान नाही.

आता थोडं वेळापत्रक. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाला वाण म्हणून रोपं लुटायची पद्धत हल्ली चांगलीच रुळली आहे. येत्या जानेवारीसाठी कलांचोचे शेंडे याच आठवड्यात लावले, तर तोवर मुळं धरून रोपं देण्याजोगी होतील. ख्रिसमस कॅक्टसचा विचार पुढच्या संक्रांतीसाठी करा. आत्ता त्याच्या कळ्यांचे दिवस आहेत, तोडू नका. कळ्यांवर आलेली कुंडी कुणाला देऊही नये, रस्त्यातच निम्म्या कळ्या गळतात. वाणाच्या कुंडीला एक चिठ्ठी बांधा. झाडाचं नाव, फुलाचा रंग, कांडी लावल्याची तारीख आणि खाली एक ओळ: ‘कोजागरीनंतर सहा आठवडे रात्री दिव्यापासून लांब.’ ही ओळ नसेल, तर घेणारीच्या घरी दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा ताकाचे प्रयोग सुरू होतील.

(पुढील लेखात : पिठ्या ढेकूण, मावा आणि बुरशी, औषध फवारण्याआधी करायच्या गोष्टी)