आयनांच्या झोताने घडणारे पापुद्रे

येथे आपल्या बहुतेकांच्या घरांवर दूद-शेमेश असतो. उन्हाने पाणी तापविणाऱ्या पत्र्यावर कसा लेप असावा, याचा मार्ग इस्रायलमधील शास्त्रज्ञ डॉ. हॅरी टाबोर यांनी १९५५ साली दाखविला. लेपाने ऊन शोषून घ्यावे, परंतु तापल्यावर ती उष्णता बाहेर टाकू नये. कार्बनमध्ये धातूचे सूक्ष्म कण पेरलेला पापुद्रा हाही अशा लेपाचा एक प्रकार होय. कणांचा आकार व मांडणी यांवर त्याचे गुण अवलंबून असतात. ही मांडणी हवी तशी कशी करता येते, याची थोडी माहिती वाचकांस द्यावी, असे आम्हांस वाटते.

निकेल व कार्बन यांचे मुळात फारसे जमत नाही. निर्वात पेटीत दोहोंचे अणू एकत्र बसविले, की निकेल आपली वेगळी चूल मांडू पाहते. परंतु थंड पृष्ठभागावर अणू पडतो तेथेच थिजतो, आणि कण जेमतेम काही नॅनोमीटरांचे राहतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. उष्णता दिल्यास अणू हिंडू लागतात व कण वाढतात. पण उष्णता अणूंना एका ठराविक दिशेस नेत नाही.

हे काम आयन करतात. आयन म्हणजे विद्युतभारित अणू. त्यांस विजेच्या दाबाने वेग देता येतो आणि नेमही धरता येतो. पापुद्रा वाढत असताना त्यावर बेताच्या ऊर्जेच्या आयनांचा मारा केला, तर केवळ वरच्या काही नॅनोमीटरांतील अणू हलतात. खालचे थर तसेच राहतात. म्हणून प्रत्येक थरास मिळालेले वळण कायम टिकते. जर्मनीतील ड्रेस्डेन-रोसेनडॉर्फ येथील संशोधकांनी २०१० साली निकेल-कार्बनच्या पापुद्र्यांत दाखविले की, झोत तिरपा ठेवल्यास आतील रचनाही तिरपी होते. एका अंगास कललेले भाताचे शेत दिसावे, तशी ती असते.

मात्र मारा अति झाला, तर धातू व कार्बन पुन्हा मिसळतात आणि पापुद्राच झिजू लागतो.

नेगेवमध्ये अशालीम येथे २०१९ साली सुरू झालेल्या सौर मनोऱ्यावर हजारो आरशांचे ऊन एकवटते. एवढ्या तापात कण एकमेकांस मिळून मोठे होऊ नयेत व कार्बन हवेत जळू नये, हे साधणे सोपे नव्हे. ऊन फुकट मिळते. ते धरणारा लेप मात्र वर्षानुवर्षे टिकावा लागतो.