पिनपॉइंट पिचिंग: आधी फास्टबॉल घोटवा!

‘एमएलबी द शो’ हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम खेळायला घेतलात, तर पिचिंगसाठी सरळ ‘पिनपॉइंट’ निवडा. २०२१च्या आवृत्तीत आलेली ही पद्धत मला सगळ्यांत सरस वाटते. डाव्या स्टिकने नेम धरायचा, उजव्या स्टिकने पडद्यावरची आकृती गिरवायची. फोर-सीम फास्टबॉल सोपा: स्टिक खाली ओढा, मग वर झटका. कर्व्हबॉलची आकृती वळणाची, तिच्यावर हात बसायला वेळ लागतो. आकृती, लय आणि चेंडू सोडण्याची वेळ, तिन्ही जुळली की चेंडू जवळजवळ हवा तिथेच जातो! चेंडू सोडण्याची वेळ साधायला पडद्यावरच्या आक्रसणाऱ्या वर्तुळावर नजर ठेवा, घाई अजिबात नको. पिचर दमला की नेम ढळतो. तेव्हा बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांतून, ताजा गडी आणा. सराव मोडमध्ये आधी फास्टबॉलच घोटवा, स्लायडर नंतर.