छडीनंतरची शाळा

साठ-सत्तरच्या दशकांत मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, शिक्षांची यादी तोंडपाठ असते. अंगठे धरणं, कोंबडा होणं, बाकावर उभं राहणं, 'मी वर्गात बोलणार नाही' हे पन्नास वेळा लिहिणं. आडव्या पट्टीचा मार आणि उभ्या पट्टीचा मार यांतला फरक तर तळहातालाच ठाऊक. खेड्यात आणखी एक रीत होती. ज्याला मार खायचा त्यानेच बांधावर जाऊन निरगुडीची फोक तोडून आणायची. जाड आणावी तर ती लवकर मोडत नाही, बारीक आणावी तर सणसणते, अशा पेचात ते पोर निम्मी शिक्षा वाटेतच भोगून यायचं.

यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. 'मारा, पण शिकवा' असं पालकच गुरुजींना सांगत. १९५३ च्या 'श्यामची आई' चित्रपटातलं छडीचं गाणं पिढ्यान्‌पिढ्या गंमत म्हणूनच गायलं गेलं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला, पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, भीतीवाचून मूल शिकतं हे दाखवून दिलं होतं. पण ते बालवाडीचं काम मानलं गेलं. पहिलीच्या वर्गात पाऊल पडलं की तिथे गुरुजींचं राज्य.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शारीरिक शिक्षा शिक्षणातून हद्दपार करायची, असं एका वाक्यात लिहून टाकलं. त्याच सुमारास महाराष्ट्रात काही मंडळी हे वाक्य शाळेत आणायच्या खटपटीला लागली होती. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेचं कमला निंबकर बालभवन १९८६ मध्ये सुरू झालं, पुण्यात अक्षरनंदन १९९२ मध्ये. या शाळा म्हणजे शिकल्यासवरल्या घरांतल्या मुलांसाठीची हौस, अशी टीका पुष्कळ झाली. फलटणच्या बाबतीत ती टिकत नाही. बर्नसनबाईंच्या कामाची सुरुवातच मुळी शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या, वंचित वस्त्यांतल्या मुलांपासून झाली होती.

या शाळांकडे मागे वळून पाहताना एक गोष्ट ठळक दिसते. तिथे एखादी बाई प्रेमळ आणि बाकीचे कडक, असा प्रकार नव्हता. मुलाशी कसं बोलायचं, भांडण झालं तर काय करायचं, उशीर झाला तर काय करायचं, हे सगळ्या ताईंमध्ये बोलून ठरलेलं असे आणि पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगितलेलं असे. नेहमीच्या शाळेत याच्या उलट चित्र असतं. शेजारच्या वर्गात छडी चालू आणि इथे एक शिक्षिका मुलांना समजावत बसलेली. दोन आठवड्यांत तिच्या तासाला गोंगाट वाढतो, कारण दिवसभर दाबून धरलेली मुलं तिथेच मोकळी होतात. मग शिक्षकखोलीत शेरा पडतो, "बाईंचा वर्गावर कंट्रोल नाही." प्रेमळपणा एकट्याने करायचा म्हटला की तो दुबळेपणा ठरतो.

कायदा मात्र वेगळ्या वाटेने चालला होता. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता भारताने १९९२ मध्ये स्वीकारली. दिल्लीच्या १९७३ च्या शालेय नियमांत तर छडीचं मापच ठरवून दिलेलं होतं: फटके तळहातावर, आणि दहापेक्षा जास्त नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २००० रोजी हा नियम रद्द केला. २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा बालअत्याचारांवरचा मोठा अभ्यास आला. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं त्यातून निघालं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली.

बंदीमुळे नेमकं काय बदलायला हवं होतं, ते राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या पाहणीतून कळतं. २००९-१० मध्ये सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांना विचारलं गेलं. त्यांपैकी कसलीच शिक्षा झाली नाही असं सांगणारी मुलं निघाली अवघी नऊ. छडी खाल्लेली मुलं ७५ टक्के होती. आणि त्याहून जास्त, ८१ टक्के मुलांना 'तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही' अशा अर्थाचं बोलणं ऐकावं लागलं होतं. म्हणजे जिभेचा मार हाताच्या माराला आधीच मागे टाकून बसला होता. आयोगाने २०१२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत नियम बनवताना मुलांना सामील करून घ्या, तक्रारपेटी ठेवा, मुलाशी सकारात्मक वागा, असं सगळं आहे. सूचना चांगल्या होत्या. पण परिपत्रक शाळेत आलं की त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मुख्याध्यापकांनी वाचलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या, फाइल कपाटात.

"हात बांधलेत, आता शिकवायचं कसं?" ही शिक्षकांची तक्रार तेव्हापासूनची. ती कांगावा म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण माध्यमिकच्या साठ-सत्तर मुलांच्या वर्गात उभं राहून पाहावं. छडी काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरं काही हातात दिलंच नाही. मग ज्याला जे सुचलं ते आलं. मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, ही जुनी पद्धत जोरात चालली. इंग्रजी शाळांत डायरीतले लाल शेरे आले, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नावानिशी तक्रारी आल्या. दुसरीकडे स्टार आणि स्मायलीचे तक्ते लागले. तेही बघता बघता छडीसारखेच वापरले जातात, कारण महिनाभर एकही स्टार न मिळालेल्या मुलाचं नाव रोज सगळ्यांना वाचता येतं.

या गोंधळात दोन प्रयोग वेगळे उठून दिसतात. एक साताऱ्याच्या कुमठे बीटचा. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या एकट्यादुकट्या शाळेवर भर न देता सगळं बीटच, म्हणजे आपल्या अखत्यारीतल्या सगळ्या शाळा, हाती घेतलं. भीतीमुक्त वर्ग आणि मुलांनी स्वतः हाताळून शिकणं, अशी ती दिशा होती. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून कुमठ्याला गेल्या. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात या पद्धतीचं नाव, ज्ञानरचनावाद, सगळ्यांच्या तोंडी झालं. कुमठ्याच्या वर्गांतल्या फरशीवर रंगवलेल्या आकृत्यांची नक्कल लगेच झाली. भीती घालवण्याची नक्कल तितकी सोपी नव्हती.

दुसरा प्रयोग 'मूल्यवर्धन'चा. शांतिलाल मुथ्था यांच्या फाउंडेशनने तो २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत सुरू केला, पुढे राज्य शासनाच्या मदतीने तो इतर जिल्ह्यांत आणि गोव्यातही गेला. संविधानातली मूल्यं उपक्रमांतून रुजवायची, ही त्याची कल्पना. वर्गात ती कशी दिसते? गलका वाढला की शिक्षक टेबल आपटत नाहीत, हात वर करतात. पाहणारी मुलं आपापले हात वर करून गप्प होतात, त्यांना पाहून बाकीची. याला 'शांतता संकेत' म्हणतात. प्रश्न विचारला की आधी जोडीत चर्चा, मग वर्गासमोर बोलणं, त्यामुळे मागच्या बाकावरच्या मुलीलाही निदान एका मैत्रिणीसमोर तोंड उघडावं लागतं. वर्गाचे नियम मुलं स्वतः ठरवतात. वर्गाबरोबरच शाळा पातळीवरचे उपक्रमही त्यात आहेत, आणि शेजारच्याच शाळांतले शिक्षक 'प्रेरक' होऊन इतरांना मदत करतात. बाहेरून आलेल्या साहेबांपेक्षा त्यांचं बोलणं पटकन पटतं.

महाराष्ट्राबाहेर, दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी 'हॅपिनेस करिक्युलम' आणला, त्यात रोज एक तासिका ठेवली. त्याची चर्चा खूप झाली. मात्र पहिल्या तासाला ध्यान आणि तिसऱ्या तासाला अपमान, असं वेळापत्रक मुलांना लगेच कळतं.

या सगळ्याला अडथळे कुठे आले तेही स्पष्ट आहे. बदल्या झाल्या की तयार झालेला शिक्षकसंच फुटतो. ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं यांतून शिक्षकांना एकत्र बसायला आठवड्यात तासभरही उरत नाही. आणि बहुतेक प्रयत्न प्राथमिकपुरते राहिले. सातवी-आठवीनंतर, म्हणजे मुलं खरी हाताबाहेर जायला लागतात तेव्हा, पुन्हा जुनाच खाक्या.

तो खाक्या किती महाग पडतो हे नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत दिसलं. शाळेत उशिरा आली म्हणून एका मुलीला उठाबशा काढायला लावल्या, आणि त्यानंतर काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. कलम १७ लागू होऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटून गेली होती.

हे बदलायची एक जागा पालकांच्या हातातही आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या सभा बहुधा पोषण आहार आणि इमारत दुरुस्तीवर उरकतात. वाचकांपैकी जे कुणी अशा समितीवर किंवा पालक-शिक्षक संघात असतील, त्यांनी पुढच्या सभेत दोन प्रश्न जरूर विचारावेत. मूल उशिरा आलं तर या शाळेत काय करतात? आणि ते कुणी ठरवलं? प्रत्येक शिक्षकाकडून वेगळं उत्तर आलं, तर त्या सभेचं इतिवृत्त तिथूनच लिहायला घ्यावं.