बाजारातला कुत्रा माणूस ओळखतो

रायपूरच्या गोल बाजारात दिवसा पाय ठेवायला जागा नसते. किराणा, मसाले, भांडी, पूजेचं सामान यांच्या गर्दीत गिऱ्हाइकांच्या पायांतून वाट काढणाऱ्या कुत्र्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. रात्री शटर खाली आली की दुकानांच्या पायऱ्या त्याच्या होतात. ओळखीचा हमाल दिसला की शेपटी हलते, परका दिसला की भुंकणं सुरू होतं. माणसाची ही पारख त्याला कशी येते?

कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी याचाच अभ्यास करतात. एका प्रयोगात त्यांनी भटक्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेले वाडगे ठेवले. एकात कोंबडीचं मांस होतं, दुसऱ्याला नुसता वास. अनोळखी माणसाने एका वाडग्याकडे बोट दाखवलं. जवळपास निम्मे कुत्रे पुढे आलेच नाहीत. पण जे आले, त्यांतले सुमारे 80 टक्के बोटाच्या दिशेने गेले. यासाठी त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. माणसाचे हावभाव वाचता आले तरच रस्त्यावर पोट भरतं.

मागे राहिलेल्यांचं बुजणंही समजण्यासारखं आहे. याच गटाने 364 पिल्लांवर लक्ष ठेवलं, तेव्हा सात महिन्यांपर्यंत जेमतेम 19 टक्के जगली. 63 टक्के मृत्यूंना माणूस कारणीभूत होता. खाऊ घालणारा हात आणि दगड उचलणारा हात, दोन्ही कुत्र्याला एकाच गल्लीत भेटतात.

संस्कृतींचंही तसंच आहे. दत्ताच्या पायाशी आपण चार कुत्रे पाहतो. छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात खपरी गावी तर कुत्र्याच्या इमानाचं स्मरण म्हणून कुकुरदेवाचं देऊळ आहे. मुंबईत 1832 साली इंग्रजांनी कुत्रे मारायला काढले, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. इस्तंबूलने मात्र 1910 साली हजारो कुत्रे एका ओसाड बेटावर नेऊन सोडले आणि ते उपासमारीने मेले.

पण कुत्रा चावल्याने पसरणारा रेबीज नुसत्या मायेने थांबत नाही आणि क्रौर्यानेही नाही. कुत्रे उचलून नेले की मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरे येतात, तेही बहुधा लस न घेतलेले. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली, तर रोगाची साखळी तुटते. गोव्याने हे करून दाखवलं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू शून्यावर आले. भूताननेही 2023 साली देशातल्या सगळ्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण पूर्ण केल्याचं जाहीर केलं.

गोल बाजारालाही हाच मार्ग लागू पडतो: उष्टं-खरकटं उघड्यावर न टाकणं, नसबंदी, दरवर्षी लस, आणि मग कुत्र्याला त्याच्याच गल्लीत परत सोडणं. कुत्रा चावल्यावर कुकुरदेवाला जाण्याची श्रद्धा या भागात जुनी आहे. तिचा मान राखूनच सांगायला हवं, की आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर वाचणं जवळपास अशक्य असतं. त्याआधी वेळेवर घेतलेली लस जीव वाचवते.