जिल्ह्याच्या उत्पन्नात आपलं काम कुठं बसतं?



मागच्या महिन्यात मालेगाव तालुक्यातल्या एका ग्रामसंघाच्या बैठकीत विषय निघाला. वाशीम जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न राज्यात अगदी खालच्या जिल्ह्यांत येतं, असं मी सांगितलं. त्यावर एक ताई म्हणाल्या, "हे मोजते कोण? आमच्या घरी तर कोणी विचारायला आलं नाही." प्रश्न बरोबर होता. मला तिथं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी मोजतात कसं ते पाहू. एका ताईंनी क्विंटलभर तूर ७,००० रुपयांना विकली. गटानं ती घेऊन डाळ केली आणि दुकानदाराला ९,५०० ला दिली. दुकानदारानं गिऱ्हाइकांना १०,५०० ला विकली. (आकडे हिशेबापुरते सोपे धरलेत. बी-खत, वीज, वाहतूक बाजूला ठेवू.) तिन्ही विक्रीची बेरीज २७,००० होते. पण म्हणून देशाचं उत्पन्न २७,००० नं वाढलं का? नाही. तीच तूर आपण तीनदा मोजली. म्हणून प्रत्येकानं किती भर घातली तेवढंच धरतात: शेतात ७,०००, गटात २,५००, दुकानात १,०००. एकूण १०,५००.

हेच दुसऱ्या बाजूनंही काढता येतं. गटाचे २,५०० कुठं गेले? मजुरी, जागेचं भाडं, कर्जाचं व्याज आणि उरला तो नफा. सगळ्यांच्या हातात आलेलं असं उत्पन्न जोडलं तरी १०,५०० च येतात. आणि गिऱ्हाइकानं खर्च केले तेही १०,५००. उत्पादन, उत्पन्न, खर्च असे हे तीन रस्ते एकाच गावाला जातात. देशाचा हिशेब राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करतं, आणि राज्याचा व जिल्ह्याचा आपलं अर्थ व सांख्यिकी संचालनालय.

हे काम आपल्याकडं जुनं आहे. इंग्रजांच्या काळात दादाभाई नौरोजींनी हिशेब मांडून दाखवलं होतं की हिंदी माणसाचं वर्षाचं उत्पन्न जेमतेम २० रुपये आहे. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये सरकारनं राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. तिच्या तीन सदस्यांत आपले धनंजयराव गाडगीळ होते. सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ज्यांचं नाव घेतात, तेच.

आता आपल्या घरात या. विकलेलं सोयाबीन यात धरतात. घरी खायला ठेवलेली ज्वारी, तूरसुद्धा धरतात, तिला बाजारभाव लावून. बँकेनं गटाला दिलेलं कर्ज धरत नाहीत, कारण ते परत द्यायचं असतं. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये घरात येतात, पण त्यातून नवीन काही पिकलं किंवा बनलं नाही, म्हणून तेही उत्पादनात धरत नाहीत.

आणि स्वयंपाक? शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना मानधन मिळतं, म्हणून ते काम मोजलं जातं. त्याच ताई घरी येऊन चूल पेटवतात, सासूबाईंचं दुखणं-खुपणं पाहतात, लेकरांना जेवू घालतात, त्याची मोजणी नाही. या सेवांना बाजारात भाव ठरलेला नाही, म्हणून जगभराच्या नियमात त्या बाहेर ठेवल्यात. कारण मला समजतं, पटत मात्र नाही. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालतात, आणि पुरुष ९७. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास.

तो नियम आपल्या हातात नाही. पण एक गोष्ट आहे. शिवणकाम, पापड, छोटं किराणा दुकान अशा धंद्यांची वही सरकारकडं जात नाही. तिथं किती माणसं काम करतात ही संख्या सर्वेक्षणातून घेतात आणि एका माणसामागं किती भर पडते त्यानं गुणतात. आता सर्वेक्षणवाले दारात आले आणि मशीनवर रोज ब्लाउज शिवणारी ताई म्हणाली, "मी काही करत नाही, घरीच असते," तर ती त्या संख्येतून गळाली. घरातला माणूस पण पुष्कळदा तसंच सांगून मोकळा होतो! तेव्हा कोणी विचारायला आलं तर स्वतः पुढं या. शिवण, पापड, शेळ्या, दुसऱ्याच्या शेतातली निंदणी, जे करता ते सगळं सांगा.

शेवटी दरडोईचं. एकूण उत्पन्नाला लोकसंख्येनं भागलं की दरडोई. दहा जणींत एकीला ५०,००० मिळाले आणि नऊ जणी रिकाम्या हातानं घरी गेल्या, तरी सरासरी ५,००० च दिसते. म्हणून "माझ्या घरी तर एवढे येत नाहीत" असं वाटलं तर तुमचं चुकत नाही.

पुढच्या बैठकीला येताना गटाचं खरेदी-विक्रीचं रजिस्टर आणा. मागच्या महिन्यात आपल्या गटानं किती भर घातली, ते सोबत बसून काढू.